उघड्या तारा

त्या दिवशी अनंताला काम एवढंच होतं. पियानो घरी पोचवायचा आणि परत यायचं.

कुठला अनंता म्हणता? सापगावचा. पंकज, तू त्याची शेड बघितली आहेस. पुलाकडं उतरताना उजव्या हाताला पत्र्याची जुनी भातगिरणी आहे ना, तीच. गिरणी बंद पडली तेव्हा अनंतानं ती भाड्यानं घेतली आणि आत पियानो आणून ठेवायला लागला. गावाला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. पण त्याचं शिक्षणच ते. सतराव्या वर्षी गिरगावात एका गोवेकर मास्तराच्या हाताखाली सुतार म्हणून लागला, तो बावीस वर्षांनी बाहेर पडला. तोवर पियानोचं एकेक हाड त्याला ओळखीचं झालं होतं. मुंबईतल्या जुन्या घरांतून असे पियानो निघतात. शंभर वर्षांचे, सव्वाशे वर्षांचे. कुठं वाळवी लागलेली, कुठं उंदरांनी आतला लोकरीचा नमदा खाल्लेला, तारा गंजून लाल झालेल्या. फेकवत नाहीत आणि वाजतही नाहीत. मास्तर वारल्यावर अनंतानं ते काम इथं आणलं. जागा मोकळी, धूळ उडाली तरी विचारणारं कोणी नाही, आणि सुतारकामाला मेहुणा हाताशी. मेहुणा म्हणजे सुनिल, त्याच्या बायकोचा, पारूचा भाऊ.

रिटायर झाल्यावर मी दुपारचा तिकडं जाऊन बसायचो. म्हणून ही हकिकत त्यानं मला सांगितली. एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तर उठून चहा टाकायला जातो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पियानोच्या आत एक लाकडी चौकट असते. तिच्यावर ओळीनं हातोड्या बसवलेल्या असतात, आणि तारांना दाबून धरणाऱ्या नमद्याच्या छोट्या गाद्या. बोटानं पट्टी दाबली की गादी बाजूला होते, हातोडी बसते, तार वाजते. बोट उचललं की गादी परत तारेवर, आवाज बंद. दुरुस्तीच्या वेळी ही चौकट अख्खी बाहेर काढतात. मग आतल्या दोनशेवर तारा उघड्या पडतात. आणि उघड्या तारांपुढं तुम्ही बोललात, तर त्याही बोलतात.

ही भुताटकी नाही. मी स्वतः बघितलंय. मी खोकलो, तर आतून कुणीतरी लांबवर खोकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "सुनिल." आतून आलं, "उ… इ…" अक्षरं गिळून टाकतात त्या, स्वर तेवढे परत देतात. मी दचकलो तसा अनंता हसला.

"घाबरू नका, देवजीदादा. तार आपल्या मनानं कधी बोलत नाय. कोनी बोललं तरच जबाब देते."

हे त्याचं वाक्य. मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतोय.

तर तो पियानो कुणाली नावाच्या बाईंचा होता. कल्याणच्या. चाळिशीच्या असतील. सरळगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांनी जागा घेऊन छोटं घर बांधलं होतं. तिथल्या वाडीचं नाव मी सांगत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. पियानो त्यांच्या आईचा. आई गेल्यावर सहा-सात वर्षं तो एका गोदामात पडून होता. अनंतानं त्याच्यावर आठ महिने घातले. तारा नव्या, नमदा नवा, आणि मागची पातळ फळी, जिच्यावर सगळा आवाज उभा असतो, तिला तीन ठिकाणी तडे होते, ते पाचरी घालून बुजवले. असं काम पुन्हा हातून होणार नाही, असं तो पारूला म्हणाला होता.

दोन हजार बावीस साल. डिसेंबरची पंधरा तारीख. मार्गशीर्षातला चौथा गुरुवार.

टेम्पो शेखरचा. आसनगावचा शेखर, बोलका माणूस. दोन वाजता येतो म्हणाला आणि आला साडेपाचला. पारूनं घट मांडला होता, नैवेद्य झाल्याशिवाय जाऊ नका म्हणाली. म्हणून अनंता, सुनिल आणि शेखर, तिघं जेवण करूनच निघाले. रस्त्याला खड्डे फार, म्हणून अनंतानं हातोड्यांची चौकट काढून वेगळ्या पेटीत भरली आणि पेटी केबिनमध्ये सीटवर ठेवली. पियानो मागं, कडांना गोधड्या बांधून. किन्हवलीच्या अलीकडं टायर बसला. स्टेपनीतही हवा नव्हती. चाक काढून, मोटारसायकलवाल्याला थांबवून, पंक्चर काढून आणेपर्यंत आठ वाजून गेले.

वाडीच्या फाट्याला वळले तेव्हा सव्वानऊ झाले होते. चंद्र नव्हता. वद्य सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो.

ओढ्यापाशी एक माणूस बॅटरी हलवत उभा होता.

"गाडी थांबवा. मोरी खनलीय," तो म्हणाला. "काल मशीन आनलं नि खनून ठेवली. पुढं गाडी जात नाय."

हा धाकलू. कुणालीबाईंची जागा राखणारा. राहायला वरच्या वाडीत, एकटाच. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, खाली बघून बोलणारा. खरोखरच मोरीच्या जागी खड्डा होता आणि त्यात सळया उभ्या होत्या. घर समोर दिसत होतं. म्हणजे घराचा दिवा. अर्धा किलोमीटर असेल, चढाचा रस्ता.

अनंतानं फोन लावला. तिकडून कुणालीबाई म्हणाल्या, "काका, रात्रभर गाडीतच राहू दे ना. सकाळी माणसं गोळा करते मी."

"रात्री दव पडतं, ताई. ताडपत्री टाकली तर आतून घाम धरते. फळी फुगली तर आठ महिने पान्यात गेले. आमी चौघं हाव. उचलून आनतो."

धाकलूनं कुणालीबाईंच्या घरून दोन लांब बांबू आणले. पियानो दोन्हींच्या मध्ये दोरांनी बांधला. एकेका टोकाला एकेक खांदा. पुढं धाकलू आणि शेखर, मागं अनंता आणि सुनिल. चौकट काढली तरी वजन दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे माणसामागं भाताचं एक पोतं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. मोरीच्या बाजूनं पाण्यात उतरले आणि पलीकडं चढले. सोपं गेलं. शेखर गाणं गुणगुणत होता.

पियानोही गुणगुणायला लागला.

शेखरला मजा वाटली. त्यानं मान वळवून मोठ्यानं "ओ…" केलं. पियानोनं मागून "ओ…" दिला.

धाकलू जागीच थांबला. त्याच्यामुळं सगळेच थांबले.

"आत कोन हाय?"

"कोनी नाय रे," अनंता म्हणाला. "तारा उघड्या हायत. कोनी बोललं तरच जबाब देतात, तेच परत बोलतात. चल."

"म्हंजे बोललं त्याचंच परत येतं."

"हो."

चार पावलं गेल्यावर धाकलूनं मागं न बघता विचारलं, "आपल्याला ऐकू येत नाय त्याचं पन?"

अनंताला धाप लागली होती. तो म्हणाला, "म्हंजे?"

धाकलूनं बांबू खांद्यावर सारखा केला.

पुढं कुणीच बोललं नाही. रस्ता चढाचा, दगडांचा. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, मग साग. बॅटरी शेखरच्या तोंडात धरलेली. अर्धी वाट झाली तिथं डाव्या हाताला एक सपाट कातळ आहे, खाटेएवढा, कमरेच्या खाली. वजन टेकवायला कुणी मुद्दाम घडवल्यासारखा. सुनिलचा दोर घसरायला लागला होता.

"दाजी, टेकवू या. माजा खांदा गेला."

"इथं नको," धाकलू म्हणाला. "पुढं चला."

"आरे पडंल. जागा चांगली हाय ना."

"इथं नको. वीस पावलं पुढं चला."

पण सुनिलच्यानं वीस पावलं होणार नव्हती. तो वाकलाच. एक टोक खाली गेलं म्हटल्यावर बाकीच्यांना धरून ठेवणं शक्य नव्हतं. पियानो कातळावर टेकला. अनंतानं खाली हात घालून बघितलं. सरळ बसला होता, कुठं लागलं नव्हतं.

सुनिल कातळाच्या कडेला बसला. शेखरनं बॅटरी बंद केली, सेल जपायला. थंडी चांगली पडली होती. घामेजलेल्या अंगावर ती छान वाटली. कुणालीबाईंच्या घराचा दिवा आता मोठा दिसत होता.

दोन मिनिटं झाली असतील.

मग पियानोतून आवाज आला.

बारीक. मधल्या तारांतून. आधी अनंताला वाटलं, टेकवताना धक्का बसला त्याची कंपनं. पण ती विरत जातात. हा आवाज विरत नव्हता. थांबत होता आणि पुन्हा येत होता.

"आ… ई…"

"शेखर, गप," अनंता म्हणाला.

"मी कुठं बोललो?"

खरंच, शेखरचं तोंड मिटलेलं होतं. अनंतानं बॅटरी घेऊन बघितलं. सुनिलचंही मिटलेलं होतं.

वारा म्हणावा, तर सागाचं पान हलत नव्हतं. अनंतानं पियानोच्या पाठीला, त्या पातळ फळीला, तळवा लावला. फळी थरथरत होती. झोपलेल्या माणसाच्या पाठीला हात लावावा तशी.

"श्वास धरा," तो म्हणाला. "चौघंबी. श्वासाचापन जबाब देतात त्या."

चौघांनी श्वास धरला.

काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

"आ… ई…"

सुनिल उठला. पियानोपासून पाच हात लांब जाऊन उभा राहिला. "दाजी, आई म्हनतंय ते."

अनंताच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, आणि तो सुटत नव्हता. आत हातोड्या नाहीत. त्या टेम्पोत आहेत, कुलपात. तार आपल्या मनानं बोलत नाही. म्हणजे कुणीतरी बोलतंय. आणि तारेला ऐकू जायचं तर जवळून बोलावं लागतं. हातभर अंतरावरून. जिथं आत्ता सुनिल बसला होता, तिथून.

त्यानं बॅटरी कातळावर फिरवली. दगड. सुकलेलं शेवाळ. दुसरं काही नव्हतं.

"आई नाय बोलत," धाकलू म्हणाला.

तो रस्त्यावर उकिडवा बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याचा आवाज अगदी सरळ होता, बाजारभाव सांगावा तसा.

"पानी बोलते. पानी मागते."

कुणी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. सहा वर्षं झाली होती. श्रावण होता. त्याच्या बायकोला, गिरजाला, सातव्या महिन्यातच कळा लागल्या, अंगावरून जायला लागलं. वाडीतल्या चौघांनी झोळी केली. दवाखान्याची गाडी ओढ्याच्या पलीकडं येऊन उभी होती. पण मोरीवरून पाणी चाललं होतं, पुरुषभर. गाडी अलीकडं येईना, ह्यांना पलीकडं जाता येईना. म्हणून पाणी उतरेपर्यंत झोळी ह्या कातळावर टेकवली. वर प्लास्टिक धरलं.

"दवाखान्यातल्या नर्सताई फोनवर बोलल्या होत्या, तोंडातून कायपन देऊ नका, ऑपरेशन लागंल. बरोबर होतं त्यांचं. हिनं पानी मागितलं. मी बोललो, गाडीत बसलीस की देतो. परत मागितलं. मी बोललो, थांब, पान्याचा अंदाज घेऊन येतो." तो थांबला. "वरून पाऊस पडत होता, मिस्तरी. सगळीकडं पानी होतं."

"आ… ई…"

"मी ओढ्यावरून परत आलो तवा…"

त्यानं हात कातळाकडं केला.

शेखर हळूच म्हणाला, "चला, उचलू या. उचलू या नि जाऊ या."

तिघं उठले. बांबूला खांदे लावले. धाकलू बसलेलाच राहिला. तिघांच्यानं चौथं टोक उचलवणार नव्हतं. अनंता त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धाकलू. ऊठ, बाबा."

"तुमीच बोल्लात ना. कोनी बोललं तरच जबाब देते."

पुढं मला सांगताना अनंता म्हणाला, देवजीदादा, तेवढं एक खोटं मला बोलता आलं असतं. म्हणायचं होतं, दोर ताणल्यामुळं होतंय. नवीन तारांचं असं होतं. त्याला काय कळणार होतं. पण तोंड उघडलंच नाही.

धाकलू उठला. "बाटली हाय काय कोनाकडं?"

शेखरच्या खिशात पाण्याची रिकामी बाटली होती. त्यानं ती दिली. का दिली ते त्यालाही सांगता येत नाही. धाकलू बाटली घेऊन उताराला लागला, ओढ्याकडं. बॅटरी घेतली नाही. थोडा वेळ त्याच्या चपलांचा आवाज आला. मग तोही नाही.

तिघं उरले. आणि पियानो.

आवाज आता लागोपाठ येत होता. मध्ये श्वास घ्यायला थांबावं, तेवढाच थांबायचा. अनंतानं गोधडी सोडली आणि फळीवर दाबून धरली. मग स्वतः पाठ लावून उभा राहिला. आवाज दबला नाही. उलट त्याच्या बरगड्यांतून यायला लागला. आयुष्यभर त्यानं तारा गप्प केल्या होत्या. कुठल्या तारेला कुठं बोट लावलं की ती थांबते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. आता दोन्ही हात होते, पाठ होती…

काही उपयोग नव्हता.

"दाजी," सुनिल म्हणाला. "दुसरापन हाय."

"काय दुसरा?"

"आवाज. त्या टोकाला."

अनंता उजव्या टोकाला गेला. तिथं तारा अगदी आखूड असतात. बोटाएवढ्या. कान लावला.

होता. पातळ. सुईएवढा. त्यात आ नव्हता, ई नव्हती. नुसतं काहीतरी… उघडत होतं आणि मिटत होतं.

तो मागं सरला. सुनिलकडं बघितलं. सुनिलनं मान खाली घातली.

किती वेळ गेला? शेखर म्हणतो पाच मिनिटं. सुनिल म्हणतो अर्धा तास. ओढा काही लांब नव्हता. धाकलू यायला हवा होता.

मग मधल्या तारांतला आवाज बदलला.

"आ… अ… ऊ…"

अनंतानं तो मनात लावून बघितला. लावायची गरज नव्हती. तीन स्वर. धा. क. लू.

"आ… अ… ऊ…"

हाक होती ती. वर चढत जाणारी. एकदा. पुन्हा. पुन्हा. घरातला माणूस बाहेर गेला आणि अंधार पडला, की दारात उभं राहून मारतात तशी. अनंताला वाटलं, पळावं. वाटलं, ओरडून सांगावं, येतोय तो. ओरडला नाही. त्याला भीती वाटली की पियानो तेही परत देईल.

शेवटी खालून, ओढ्याकडून, अंधारातून धाकलूचा आवाज आला.

"आलो गो."

पियानोनं तो परत दिला नाही.

गप्प झाला. एकदम. ऐकायला थांबल्यासारखा.

धाकलू आला. गुडघ्यांपर्यंत भिजलेला, हातात भरलेली बाटली. कुणाकडं न बघता तो सरळ पियानोपाशी आला आणि उभा राहिला. कुठं द्यायचं ते त्याला कळेना. त्यानं झाकणावर हात फिरवला. कड चाचपली. मग अनंताकडं बघितलं.

आठ महिन्यांचं काम होतं, पोरांनो. नवीन तार. पाण्याचा थेंब लागला की गंज धरणारी. पाचरी घातलेली फळी. सरस अजून पुरता मुरलेला नव्हता. दव लागू नये म्हणून तर ही सगळी यातायात. अनंता नुसतं "नाय" म्हणाला असता तरी धाकलूनं ऐकलं असतं. तसा माणूस होता तो. एकदा त्यानं दुसऱ्याचं ऐकलंच होतं.

अनंतानं झाकणाचा दोर सोडला.

गाठ सुटेना. दातांनी सोडवली. झाकण उचललं आणि धरून उभा राहिला. शेखरनं बॅटरी धरली. आत तारांच्या खुंट्या चमकत होत्या, ओळीनं.

धाकलूनं डाव्या बाजूला, जाड तारांवर, बाटली तिरकी केली. सावकाश. लहान मुलाला पाजावं तसं, मध्ये थांबत. पाणी तारांवरून खाली गेल्याचा आवाज आला. अख्खी बाटली रिकामी होईपर्यंत कुणी हललं नाही.

"पी," एवढंच तो म्हणाला.

तारा गप्प होत्या.

अनंतानं झाकण लावलं. दोर बांधला. चौघांनी खांदे दिले. वजन आधी होतं तेवढंच होतं, कमी नाही की जास्त नाही. पावलं वाजत होती, आणि पियानो त्यांनासुद्धा जबाब देत नव्हता.

घरी पोचले तेव्हा डोंगरामागून चंद्र वर येत होता. कुणालीबाईंनी चहा केला. इतका उशीर का झाला ते विचारलं. सुनिल म्हणाला, चढ होता. पियानो आतल्या खोलीत भिंतीला लावला. शेखर आणि सुनिल ओट्यावर आडवे झाले आणि मेल्यासारखे झोपले. अनंताला झोप आली नाही. उघडून बघायची हिंमतही झाली नाही. आत काय झालं असेल ते त्याला माहीत होतं. तळाच्या फळीवर पाणी साठलं असेल. नमदा भिजला असेल. सकाळपर्यंत जाड तारांवर तांबूस रंग चढायला लागेल.

उजाडता उजाडता तो अंगणात आला. धाकलू पायरीवर बसला होता. रात्रभर तिथंच असावा. कपडे अजून ओले.

अनंता शेजारी बसला. 

"मिस्तरी," धाकलू म्हणाला, "ती आतली चौकट आज बसवाल?"

"बसवावी लागंल. त्याबिगर वाजनार नाय."

"मंग परत बोलनार नाय."

"नाय."

धाकलूनं मान हलवली. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, त्यानं विचारलं, "मी ओढ्यावर गेलो होतो तवा… एकच आवाज होता ना?"

अनंतानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"एकच," तो म्हणाला.

"दुसरा नव्हता."

"नाय, रे. एकच होता."

"सातवा महिना होता," धाकलू म्हणाला. "म्हनून विचारलं." आणि उठून वर वाडीत आपल्या बैलांना वैरण टाकायला गेला.

शेखरनं टेम्पोतून पेटी आणून दिली. अनंता आत गेला, दार लोटलं. समोरची फळी काढली. मग खालची. फडकी आधीच काढून ठेवली होती, चार-पाच, आणि रॉकेलची बाटली.

त्यानं तळाच्या फळीवर हात फिरवला.

कोरडी होती.

पुन्हा फिरवला. कोपऱ्यात, फटीत, खिळ्यांच्या डोक्यांवर. हाताला लाकडाचा भुसा लागला, तोही कोरडा, उडणारा. डावीकडच्या जाड तारा एकेक करून फडक्यात धरून बघितल्या. फडकं पांढरंच राहिलं. नमदा कोरडा. फळी कोरडी. बाटलीभर पाणी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी आत जाताना बघितलं होतं. बाहेरही सांडलेलं नव्हतं, वाटेत बाहेर आलं असतं तर त्याच्याच खांद्यावर आलं असतं.

तो डावीकडून उजवीकडं सरकत गेला. मधल्या तारा कोरड्या. त्यापुढच्या कोरड्या. असं करत तो शेवटच्या टोकाला पोचला. जिथं कुणी काही ओतलं नव्हतं. बोटाएवढ्या तारा. त्यातल्या अगदी शेवटच्या तीन.

त्या ओल्या होत्या.

दव म्हणावं तर शेजारची तार सुकी ठणठणीत होती. त्या तिघींवरच थेंब होते. बारीक, एकाला एक लागून, खाली न ओघळता धरून राहिलेले.

अनंतानं पुसायला फडकं उचललं. हात तारेपर्यंत नेला.

मग फडकं गुडघ्यावर ठेवलं, आणि ते थेंब आपोआप वाळेपर्यंत तो तसाच बसून राहिला.